ग्रंथ आपला, पण मूळ कोणाचे?

'बाळकडू' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. देशभक्तीचे बाळकडू, संस्कारांचे बाळकडू असे आपण सहज बोलून जातो. या वाक्प्रचारामागे आपल्या आज्यांची सहाण आहे आणि त्या सहाणेवर उगाळलेली कडू मुळे आहेत. अशाच एका मुळाला जुन्या वनौषधिकोशांत 'बाळकडू' आणि 'केदारकडू' अशी दोन नावे दिलेली आढळतात. काष्ठौषधींच्या दुकानात ते आज 'कुटकी' म्हणून मिळते. केदारकडू या नावातच त्याचे गाव सांगितलेले आहे. सह्याद्रीच्या कुशीतील घराला हिमालयाच्या शिखराशी जोडणारा हा एक कडू धागा आहे, आणि तो धागा आज तुटण्याच्या बेतात आहे.

काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखक पुण्यातील एका काष्ठौषधींच्या दुकानात गेला होता. वैद्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीत कुटकी होती. दुकानदाराने गोणीतून मूठभर काळसर मुळ्या काढून तराजूत टाकल्या. "शेठ, ही लागवडीची की जंगलातली?" असे विचारताच त्याने चमकून पाहिले. "साहेब, कुटकी कडू असते एवढे मला ठाऊक. कुठून आली ते गोणीवर लिहिलेले नसते," असे म्हणून त्याने पुडी बांधली. इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला कोणीच विचारला नव्हता, असेही तो म्हणाला. त्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न न विचारणारे गिऱ्हाईक आपणच आहोत. म्हणूनच या लेखाचा रोख कोणा परकीय कंपनीवर नाही, कोणा तथाकथित पुरोगाम्यावर नाही. तो आपल्या स्वतःवर आहे.

नावात सांगितलेले शास्त्र

कुटकी ही हिमालयात साधारण तीन ते साडेचार हजार मीटर उंचीवर, जिथे झाडांची हद्द संपते त्याच्याही वर वाढणारी बुटकी वनस्पती आहे. वर्षातील कित्येक महिने ती बर्फाखाली निद्रिस्त असते. बर्फ वितळला की दातेरी कडांची पाने जमिनीलगत पसरतात, मधून निळसर फुलांचा तुरा वर येतो आणि खाली बोटाएवढे आडवे मूळ, म्हणजे शास्त्रीय भाषेत मूलस्तंभ, मातीत सरपटत राहते. औषध आहे ते त्या मूलस्तंभात. वनस्पतिशास्त्रात तिला 'पिक्रोऱ्हायझा कुरूआ' म्हणतात. यातील पहिला शब्द ग्रीक, त्याचा अर्थ 'कडू मूळ'. दुसरा शब्द आपल्याच पहाडी बोलीतील 'कडू' या अर्थाच्या नावावरून घेतलेला. सहारनपूरच्या उद्यानाचे प्रमुख राहिलेले जॉन फोर्ब्स रॉयल यांचे नाव या शास्त्रीय नावाला जोडलेले आहे. नामकरण त्यांनी केले खरे, पण त्यांच्या कितीतरी शतके आधी चरकसंहितेने ही वनस्पती 'कटुरोहिणी' म्हणून ओळखली होती. भेदनीय, लेखनीय आणि स्तन्यशोधन अशा तीन गणांत चरकाने तिला स्थान दिले. स्तन्यशोधन म्हणजे मातेच्या दुधाची शुद्धी. बाळाशी असलेले तिचे नाते किती जुने आहे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

आपल्या निघंटूंमध्ये कुटकीला अनेक पर्यायनावे आहेत. तिक्ता, मत्स्यपित्ता, चक्रांगी, कृष्णभेदा अशी ती माळ आहे. मत्स्यपित्ता म्हणजे माशाच्या पित्तासारखी कडू. कृष्णभेदा म्हणजे मोडली असता आत काळी दिसणारी. खरी कुटकी ओळखण्याच्या खुणाच या नावांत नोंदवून ठेवलेल्या आहेत. या माळेतील एक नाव विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते म्हणजे 'कांडरुहा', अर्थात कांडापासून रुजणारी. कुटकीचे बी अत्यंत बारीक असते आणि त्यापासून रोप तयार करणे कष्टाचे असते. परंतु तिच्या आडव्या मुळाचा वा धावत्या खोडाचा तुकडा मातीत लावला की तो पुन्हा फुटतो. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी मूळ खणल्यावर काय करायचे तेही सांगून ठेवले होते : थोडे घ्या, थोडे परत मातीला द्या. आपण तिचा काढा घेतला, नावातला निरोप मात्र विसरलो.

या मुळाच्या गुणांविषयी आज केवळ श्रद्धेवर बोलण्याची आवश्यकता उरलेली नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कुटकीतील पिक्रोसाइड व कुटकोसाइड या घटकांपासून 'पिक्रोलिव्ह' नावाचे प्रमाणित सत्त्व तयार केले आणि यकृताला होणारी इजा ते कशी रोखते, यावर प्रयोगशाळेत दीर्घ काळ काम केले. १९९६ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' या नियतकालिकात विषाणुजन्य काविळीच्या मोजक्या रुग्णांवरील कुटकीच्या चाचणीचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णसंख्या लहान होती आणि अधिक मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण दिशा स्पष्ट आहे. वैद्यांच्या रोजच्या वापरातील आरोग्यवर्धिनीच पाहा. रसरत्नसमुच्चयातील पाठानुसार तिच्यातील अन्य सर्व घटकांच्या वजनांची बेरीज करावी आणि तितकीच कुटकी घालावी. म्हणजे निम्मी गोळी एकट्या कुटकीची. ही गोळी भस्मयुक्त असल्याने ती वैद्याच्या सल्ल्याखेरीज घेऊ नये. मुद्दा असा, की देशभरात दररोज खपणाऱ्या त्या असंख्य गोळ्यांचा निम्मा भार हिमालयातील काही उंच कुरणे वाहत आहेत.

बाहेर जिंकलो, घरात हरतो आहोत

हळदीचे पेटंट प्रकरण वाचकांना आठवत असेल. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याच्या 'शोधाचे' पेटंट मिळाले. ज्या देशात पोर पडले की आई आधी हळदीचा डबा उघडते, त्या देशाला हा अपमान वाटला नसता तरच नवल. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द ठरले आणि २००५ मध्ये त्यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले. यातूनच पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. हे सारे अभिमानास्पद आहे आणि आपण त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे.

परंतु त्या लढ्यात आपण ज्याचे रक्षण केले ते ज्ञान होते. ज्ञान चोरीला गेले तर न्यायालयात पुरावा देऊन परत आणता येते. कुरणातून उपटलेले मूळ कोणते न्यायालय परत लावून देणार आहे? आणि ते उपटणारा कोणी मिसिसिपीहून आलेला नव्हता. मागणी आपली, कारखाने आपले, व्यापारी आपले, ठेकेदार आपले, आणि बाटलीवरचे 'शुद्ध स्वदेशी' हे शब्द वाचून निर्धास्त होणारे ग्राहकही आपणच.

१९९७ मध्ये भारताच्याच प्रस्तावावरून कुटकी आणि जटामांसी यांचा समावेश वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. १९९८ मध्ये केंद्र सरकारने रानातून गोळा केलेल्या ज्या २९ वनस्पती व वनस्पतिगटांच्या निर्यातीला बंदी घातली, त्यांतही या दोन्ही आहेत. कागदावर तटबंदी चोख झाली. पण या तटबंदीला दोन खिंडारे आहेत. किरकोळ विक्रीसाठी बांधून सिद्ध झालेले औषध साइट्सच्या या नोंदीतून वगळलेले आहे. गोणीतले मूळ अडवले जाते, तेच मूळ डबीत भरले की मोकळे होते. दुसरे खिंडार याहून मोठे आहे. हा करार देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या मालापुरता आहे. डेहराडूनहून मुंबईला आणि अमृतसरहून दिल्लीला जाणाऱ्या मालाशी त्याला कर्तव्य नाही. देशातल्या देशात प्रश्न येतो तो वनखात्याच्या वाहतूक परवान्याचा आणि तपासनाक्यावरच्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या २०१७ च्या पाहणीनुसार देशात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार चालतो आणि त्यांपैकी २४२ वनस्पतींची उलाढाल दरवर्षी शंभर टनांहून अधिक आहे. करोनाच्या साथीनंतर लोकांचा आयुर्वेदाकडील ओढा आणखी वाढला. ही स्वागतार्हच गोष्ट आहे. पण मागणी वाढली म्हणून कुरण वाढत नाही. पर्वत वर जाता जाता निमुळता होतो. कुटकीला वर सरकायला जागा मर्यादित आहे, खाली उतरायला हवामान अनुकूल नाही.

उपटणे म्हणजे दोहन नव्हे

'निसर्गाचे शोषण करू नका, दोहन करा' हे सूत्र आपण अभ्यासवर्गांत आणि बौद्धिकांत कितीदा ऐकले आहे! पाश्चात्त्य भोगवादी दृष्टी आणि भारतीय दृष्टी यांतील भेद सांगताना आपले वक्ते हमखास गाईचे उदाहरण देतात. गाय दोहताना वासरासाठी सड राखून ठेवायचा असतो. उदाहरण सुंदर आहे. आता तेच कुटकीला लावून पाहा. पाने खुडली तर ती पुन्हा येतील, फळे काढली तर झाड उरेल. पण इथे औषध मुळात आहे, आणि मूळ काढणे म्हणजे सगळी वनस्पतीच काढणे. पुढच्या हंगामासाठी तुकडा मातीत ठेवला नाही, बी पक्व होऊन गळण्यापूर्वीच कुदळ चालवली, तर ते दोहन राहत नाही. ती गायच कापून दूध शोधण्याची तऱ्हा होते. आपल्या सूत्राशी आपणच केलेली ही प्रतारणा आहे.

पहाडातील जुन्या समाजाला हा विवेक होता. गढवाल-कुमाऊँमध्ये उंच कुरणांना 'बुग्याल' म्हणतात. नंदादेवी ही तेथील लोकांची दैवत आणि माहेरवाशीण दोन्ही आहे. भाद्रपदातील नंदाष्टमीपूर्वी ब्रह्मकमळ तोडायचे नाही, बुग्यालात मोठ्याने ओरडायचे नाही, भडक वस्त्रे घालून जायचे नाही, अशी बंधने तेथे पाळली जात. शहरी शहाण्यांनी याला अंधश्रद्धा म्हटले. नंदाष्टमी येते तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो आणि उंचावरील बऱ्याच वनस्पतींचे बी धरून पक्व होऊ लागते. तोवर कुरणाला हात लावायचा नाही, हा नियम देवीच्या नावाने सांगितला म्हणून तो पाळला गेला. आज वनखात्याचे जे परिपत्रक कोणी वाचत नाही, त्याचे काम तेव्हा एक तिथी करीत होती.

ही व्यवस्था मोडली कोणी? इंग्रजांच्या १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलावरील गावाचा अधिकार खिळखिळा केला, हे खरेच आहे. जे आपले राहिले नाही ते जपावे कशासाठी, ही भावना तेथून रुजली. १९३१ पासून वनपंचायती आल्या आणि कुमाऊँ-गढवालच्या गावांना काही अधिकार परत मिळाले. पण इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटल्यावरही प्रत्येक अपराध त्यांच्या खात्यावर मांडत राहणे हा पराक्रम नव्हे. आज जो मजूर चार हजार मीटरवर तंबू ठोकून, थंडीत कुडकुडत मुळे खणतो, तो बहुधा गरीब आणि उचल घेतलेला असतो. बाटलीच्या किमतीतला अगदी थोडा पैसा त्याच्या हाती पडतो. आपण नाही खणले तर उद्या दुसरा येऊन खणेल, या भीतीने तो बी पिकण्याची वाट पाहत नाही. त्याला चोर ठरवणे सोपे आहे. त्याच्या कुदळीला दिशा देणारी मागणी आपल्या घरातून निघते, हे मान्य करणे कठीण आहे.

कायदा आणि पळवाट

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. निसर्गसंपदेतून नफा मिळवणाऱ्याने त्या संपदेचे राखणदार असलेल्या स्थानिक समाजाला लाभाचा वाटा द्यावा, हे त्याचे एक मुख्य तत्त्व. उत्तराखंडच्या जैवविविधता मंडळाने असा वाटा मागितला तेव्हा हरिद्वारच्या दिव्य फार्मसीने उच्च न्यायालयात धाव घेतली. आपण भारतीय असल्यामुळे आपल्याला हे लागू नाही, असा तिचा युक्तिवाद होता. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि भारतीय उद्योगांनाही हे उत्तरदायित्व चुकवता येणार नाही, असे स्पष्ट केले.

त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना हा निकाल रुचला नाही. स्वदेशी उद्योगाच्या वाटेत सरकारी मंडळाने अडथळा आणला, असा सूर निघाला. अशा सर्वांना प्रस्तुत लेखकाचा नम्र प्रश्न आहे : चमोलीतील पशुपालक, पिथौरागढच्या सीमेवरील भोटिया, नीती-माणा खोऱ्यातील शेतकरी हे स्वदेशी नाहीत काय? स्वदेशीचा अर्थ कारखान्याच्या फाटकाशी सुरू होतो आणि दुकानाच्या काउंटरवर संपतो काय? सीमेवरची गावे ओस पडत आहेत म्हणून आपण चिंता करतो, लेख लिहितो, व्याख्याने देतो. त्या गावांच्या डोक्यावरच्या संपदेतून होणाऱ्या नफ्यातील अल्पसा वाटा त्या गावांना मिळाला, तर राष्ट्राचे नुकसान होणार आहे की संरक्षण?

२०२३ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. वैद्यांवरचा कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, संशोधनाला चालना मिळावी, हा तिचा हेतू चांगला आहे. खेड्यातल्या वैद्याला दोन शेर गुळवेलीसाठी अर्ज करायला लावणे हा मूर्खपणाच होता. परंतु त्याच दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानालाही लाभवाटणीतून सूट दिली. इथे सावध व्हायला हवे. कुटकी चरकात आहे, जटामांसी चरकात आहे, अतिविषा चरकात आहे. हिमालयातील जे जे मौल्यवान आहे ते बहुतेक सारे आपल्या ऋषींनी ग्रंथबद्ध करून ठेवले आहे. मग ज्ञान ग्रंथातले आहे एवढ्या आधारावर एखाद्या मोठ्या उद्योगाने मुळाचेही देणे नाकारले तर? ग्रंथ सर्वांचा आहे, हे निर्विवाद. त्यावर कोणाची मालकी नको. पण मूळ ग्रंथात उगवत नाही, ते डोंगरावर उगवते. ज्या चरकाने कटुरोहिणीला मान दिला, त्याचेच नाव पुढे करून तिच्या भूमीचे ऋण बुडवणे ही ग्रंथपूजा म्हणता येणार नाही. कायदा करणारे परके नाहीत, म्हणून बोलायचे नाही, हा न्याय आपल्याला शोभत नाही. आपल्या माणसांना योग्य वेळी चार कडू शब्द सांगणे हेही बाळकडूच आहे.

सह्याद्रीनेही हे भोगले आहे

हिमालय दूर आहे, आपला संबंध काय, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या घाटमाथ्याकडे पाहावे. सह्याद्रीतील 'नरक्या' हे दुर्गंधी फुलांचे झाड एके काळी कोणाच्या खिजगणतीत नव्हते. १९६६ मध्ये मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. त्यापासून सिद्ध झालेल्या कर्करोगावरील दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्ञानाच्या दृष्टीने ही विलक्षण भाग्याची गोष्ट होती. प्रत्यक्षात काय झाले? कोकणातील आणि घाटमाथ्यावरील जंगलांत रातोरात कुऱ्हाडी चालल्या, लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून ट्रकने बाहेर गेले आणि नरक्या दुर्मिळ झाला. तोडणाऱ्यांना द्रव्याचे नावही ठाऊक नव्हते. ज्या भूमीच्या एका सुपुत्राने त्या द्रव्याचा शोध लावला, त्याच भूमीने आपले झाड किलोच्या भावाने विकले. कुटकीच्या बाबतीत याचीच पुनरावृत्ती आपण दुरून पाहत आहोत.

दोन आक्षेप

अशा लेखनावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला आपल्या लोकांचा : यामुळे आयुर्वेदाच्या द्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळेल. याचे उत्तर सरळ आहे. आयुर्वेदाची सर्वांत मोठी हानी द्वेष्टे करीत नाहीत. मूळ दुर्मिळ झाले की त्यात दुसऱ्याच मुळ्यांची भेसळ सुरू होते, औषध गुण देत नाही आणि दोष शास्त्राच्या माथी येतो. हिमालयात कुटकी उरली नाही तर आरोग्यवर्धिनीचा पाठ ग्रंथात राहील, गोळीत राहणार नाही. ज्याला आयुर्वेद टिकावा असे वाटते त्याने आधी कुटकी टिकवली पाहिजे.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा झेंडा मिरवणाऱ्या काही मंडळींचा : सरसकट बंदी घाला, कोणालाही कुरणात पाऊल टाकू देऊ नका. ही मंडळी निसर्गाकडे संग्रहालय म्हणून पाहतात. माणूस त्यातून वजा केला की चित्र पूर्ण झाले, असे त्यांना वाटते. बंदीने मागणी संपत नाही, ती अंधारात जाते आणि अंधारात प्रामाणिक माणूस आधी बाहेर फेकला जातो. १९७४ मध्ये चमोलीतील रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी झाडे वाचवली, ती जंगल माहेर मानणाऱ्या माणसांनी वाचवली. वनस्पतीला राखणदार हवा असतो आणि ज्याचे घर त्या वनस्पतीवर चालते त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा नाही.

मार्ग लागवडीचा आहे, आणि तो कल्पनेतला नाही. कोष्ठ या हिमालयीन औषधीची लागवड लाहौलच्या शेतकऱ्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू केली होती. रानातील कोष्ठ आज अत्यंत संकटात आहे, पण शेतातील कोष्ठामुळे त्या खोऱ्यातल्या अनेक घरांनी चांगले दिवस पाहिले. कुटकीचेही तसेच. गढवाल विद्यापीठाचे श्रीनगर येथील उच्च शिखरीय वनस्पतींचे संशोधन केंद्र, गोपेश्वरची जडीबुटी शोध संस्था आणि पालमपूरची हिमालय जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्था यांनी रोपे तयार करण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. चमोलीतील घेससारख्या गावांत शेतकऱ्यांनी कुटकी शेतात लावून दाखवली आहे. मुळाचा तुकडा लावायचा आणि साधारण तीन वर्षे थांबायचे. 'कांडरुहा' या नावाचा अर्थ पहाडातल्या शेतकऱ्याने सिद्ध केला आहे.

अडचण पुढे आहे. तीन वर्षे राबलेल्या शेतकऱ्याची कुटकी आणि तीन दिवसांत खणून आणलेली कुटकी बाजारात एकाच गोणीत पडते, एकाच भावाने विकली जाते. खणणाऱ्याने बी लावलेले नसते, खत घातलेले नसते, तण काढलेले नसते. तो स्वस्तात विकू शकतो. भाव त्याच्यावर ठरतो आणि शेतकरी हरतो. ही स्पर्धा प्रामाणिकपणाला शिक्षा देणारी आहे. ती उलटवायची असेल तर लागवडीच्या मालाला वेगळी ओळख आणि वेगळा भाव मिळाला पाहिजे. दुरुस्त कायद्याने लागवडीच्या वनौषधींसाठी उगमाच्या प्रमाणपत्राची सोय केली आहे. हे प्रमाणपत्र केवळ सवलत मिळवण्याचा कागद न राहता संकटग्रस्त औषधींच्या प्रत्येक खरेदीची अट व्हायला हवे. कारखान्याने डबीवर 'लागवडीची कुटकी' किंवा 'वन्य कुटकी' असे स्पष्ट छापावे. शाकाहारासाठी हिरवा ठिपका छापता येतो, तर एवढे का छापता येऊ नये?

आपण काय करायचे?

सरकारने काय करावे हे सांगून लेख संपवणे सोयीचे असते. परंतु या पृष्ठांचे वाचक हे कार्यकर्ते आहेत आणि त्यांची कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पुढच्या वेळी काष्ठौषधींच्या दुकानात गेल्यावर 'ही लागवडीची आहे का?' एवढा एक प्रश्न विचारावा. दहा गिऱ्हाइकांनी विचारला की दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारील आणि तो पुढे विचारील. दुसरे, आपल्या परिचयातील वैद्यांशी बोलावे. काविळीत आणि यकृताच्या विकारात जिथे आपल्या परसातील, शेताच्या बांधावरील औषधी पुरेशी आहे असे वैद्याला वाटते, तिथे हिमालयातील मूळ वाचू शकते. हा निर्णय वैद्याचाच. पण प्रश्न आपण मांडू शकतो. आणि तिसरे, दरवर्षी आपल्या महाराष्ट्रातून इतकी मंडळी चारधामला आणि गिर्यारोहणाला जातात. त्यांनी परतताना देवभूमीतून गंगाजल आणावेच, पण लागवड करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा, सहकारी संस्थेचा पत्ताही आणावा आणि आपल्या गावातील वैद्याला द्यावा. पुण्या-मुंबईच्या दहा वैद्यांनी थेट मागणी नोंदवली तर पहाडातल्या एका गावाचे चित्र बदलू शकते.

त्या दिवशी दुकानातून आणलेली पुडी प्रस्तुत लेखकाच्या मेजावर अजून आहे. औषध घेऊन झाले, चार मुळ्या उरल्या. त्या कोणत्या कुरणातून आल्या, कोणी खणल्या, त्यांच्या जागी मातीत काही परत लावले का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानले जाते. ग्रंथ वाचून, पाठ जतन करून आपण ऋषिऋण काही अंशी फेडले असेल. ज्या पर्वताने त्या ग्रंथातला प्रत्येक शब्द खरा ठरेल एवढी मुळे पुरवली, त्याचे ऋण मात्र तसेच उभे आहे. ते फेडण्याची पहिली पायरी म्हणजे दुकानात उभे राहून विचारलेला तो एक साधा प्रश्न. आपण तो विचारणार आहोत की नाही, एवढेच आता ठरवायचे आहे.